सी ड्राइव्ह भरला, आता काय पुसू?

वाचक विचारतात : संगणक

प्रश्न : ताई, स.न.वि.वि. माझं वय 71. घरी टेबलावरचा संगणक आहे, 8 जीबी रॅमचा. भजनी मंडळाचा जमाखर्च, गणेशोत्सवाची स्मरणिका, नातवंडांचे फोटो, सगळं त्यातच. वेग वाढावा म्हणून दोन वर्षांपूर्वी 128 जीबीची एसएसडी बसवून घेतली. जुनी 1 टीबीची हार्ड डिस्क 'डी' म्हणून आतच आहे. मागच्या आठवड्यात विंडोज 10 चं 11 केलं आणि तेव्हापासून सी ड्राइव्हची पट्टी लालभडक. 600 एमबी उरलेत. मी पुष्कळ पुसलं, काही डेस्कटॉपवर काढून ठेवलं, तरी जागा होत नाही. भाच्याने प्रोग्रॅम फाइल्समधलं एक फोल्डर कापून डीमध्ये चिकटवलं, तर स्मरणिकेचं सॉफ्टवेअरच उघडेनासं झालं. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. मारू का?
(एक वाचक, नारायण बाग, इंदूर)

उत्तर : काका, फॉरमॅट मारू नका, आणि आता काही पुसूही नका. एवढं फोनवर सांगून मी रविवारी सकाळी तुमच्याकडेच आले होते. तेव्हा हे उत्तर तुमच्यापेक्षा इतरांसाठी जास्त आहे. तुमच्या परवानगीने तुमच्या डिस्कचं पोट सगळ्यांपुढे उघडते आहे.

तेहतीस वर्षं मी कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळली. 1992 साली तिथे 40 एमबीच्या हार्ड डिस्क होत्या, जीबी नव्हे, एमबी. त्याही भरायच्या. तेव्हा आम्ही काळ्या पडद्यावर यादी काढायचो, कुठली फाइल किती मोठी ते वहीत लिहायचो आणि मगच हात लावायचो. आता मोजायचं कोणी नावच घेत नाही. पट्टी लाल झाली की लोक घाबरतात आणि जे डोळ्यांसमोर दिसेल ते उडवतात. डोळ्यांसमोर दिसतात ते 2 एमबीचे फोटो, आणि जागा खाणारं धूड आत कुठेतरी लपलेलं असतं. काकांनी तेच केलं होतं. नातीच्या बारशाचे चाळीसेक फोटो पुसून त्यांनी शंभरेक एमबी मिळवले. (रीसायकल बिनमधून, म्हणजे विंडोजच्या कचरापेटीतून, काढले मी ते परत. काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.)

तर पहिलं काम मोजणं. विंडोजमध्येच सोय आहे : सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग स्टोरेज. तिथे कशाने किती जागा धरली त्याच्या पट्ट्या दिसतात. मला मात्र विनडरस्टॅट हा फुकटचा प्रोग्रॅम आवडतो. अख्खा ड्राइव्ह तो रंगीत चौकटींत मांडतो. जितकी फाइल मोठी तितकी चौकट मोठी. काकू पोह्यांच्या बशा घेऊन आल्या आणि पडद्याकडे बघून म्हणाल्या, "अगं बाई, ही तर गोधडी!" अगदी बरोबर. गोधडीत मोठं ठिगळ कुठलं, ते शोधायला शिकावं लागत नाही.

काकांच्या गोधडीचा हिशेब असा निघाला. विंडोजचं स्वतःचं फोल्डर 27 जीबी. प्रोग्रॅम 11. विंडोज डॉट ओल्ड नावाचं फोल्डर 19. पेज फाइल 5, हायबरनेशनची फाइल 3.2. रीसायकल बिन 4. आणि काकांच्या नावाचं फोल्डर 48. म्हणजे दोष विंडोजला दिला जात होता आणि सगळ्यात मोठं ठिगळ काकांचं स्वतःचं होतं. दहा घरी जाते, सात घरी हेच असतं.

त्या 48 मध्ये डेस्कटॉप 9 जीबी. इथे एक गैरसमज मोडून काढायला हवा, कारण तो फार पसरलेला आहे. डेस्कटॉप म्हणजे समोरचं टेबल नव्हे. तोही सी ड्राइव्हवरच्या तुमच्या फोल्डरातला एक कप्पा आहे. सीमधून काढून डेस्कटॉपवर ठेवणं म्हणजे देवघरातला डबा काढून देवघराच्याच दारात ठेवणं. रीसायकल बिनचंही तसंच. डिलीट केलेली फाइल बिनमध्ये जाते आणि बिन रिकामं करेपर्यंत त्याच ड्राइव्हवर तितकीच जागा अडवून बसते. नर्मदेच्या पाण्याची टाकी धुवायला काढली आहे, पाणी बादलीत उपसलं आणि बादली टाकीतच ठेवली, असं झालं ते. काका म्हणतात तसं 'पुष्कळ पुसलं' होतं, आणि ते पुष्कळ म्हणजे 4 जीबी तिथेच पडून होतं.

डेस्कटॉपवरचे 9 जीबी कसले? स्मरणिकेच्या जाहिरातींचे. दुकानदारांनी कागदावर दिलेल्या जाहिराती काकांनी घरीच स्कॅन केल्या, आणि छान याव्यात म्हणून स्कॅनर 600 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 600 ठिपक्यांवर ठेवून, टिफ या प्रकारच्या मोठ्या फाइलींमध्ये. ए-4 आकाराचं रंगीत पान 600 वर स्कॅन करून फाइलचा आकार न दाबता साठवलं की फाइल 100 एमबीच्या वर जाते. तेच 300 वर केलं तर 26 एमबी, आणि स्मरणिकेच्या छपाईला 300 भरपूर झाले. डीपीआय दुप्पट केला की फाइल चौपट होते, कारण ठिपके आडवेही वाढतात आणि उभेही. काकांना हे पटलं, पण मागचे स्कॅन पुन्हा छोटे करायला ते तयार नाहीत. "वर्गणीदारांच्या जाहिराती आहेत, ताई." ठीक आहे, मग त्या डीवर जाऊ देत. तिथे 1 टीबीचं मैदान मोकळं पडलंय.

डाउनलोड्समध्ये 16 जीबी. फोल्डर उघडलं, आकाराप्रमाणे उतरत्या क्रमाने लावलं आणि वरच्या वीस फाइलींतच बाराएक जीबी सापडले. प्रवचनांचे व्हिडिओ, प्रिंटर बसवण्याचं सॉफ्टवेअर चार वेळा, आणि पेन्शनचं एकच स्टेटमेंट कंसात एक, कंसात दोन, कंसात सात असं. शेवटचं जागा खात नाही, पण घरातल्या माणसाबद्दल बरंच काही सांगतं.

इथे मी काहीही न पुसता फोल्डरच हलवलं. ही युक्ती नीट वाचा. डी ड्राइव्हवर आधी एक नवं फोल्डर करा, समजा 'काकांचे डाउनलोड्स'. मग सीमधल्या डाउनलोड्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात लोकेशन नावाचा टॅब, त्यात मूव्ह, आणि ते नवं फोल्डर दाखवा. जुन्या फाइली हलवू का असं विचारेल, हो म्हणा. आता डाउनलोड्स दिसेल पूर्वीच्याच जागी, पण माल डीवर. डेस्कटॉप, पिक्चर्स, व्हिडिओज, सगळ्यांना हे चालतं. नवं फोल्डर करायचा कंटाळा करून थेट डी ड्राइव्हच दाखवू नका मात्र. मग अख्खा डी ड्राइव्हच स्वतःला डाउनलोड्स समजू लागतो आणि ते निस्तरताना घाम फुटतो. लॅबमधल्या एका सरांनी हा पराक्रम केला होता. दोन दिवस गेले माझे.

भाच्याने केलं ते याच्या अगदी उलट, आणि नेमकं तेच चालत नाही. आपल्या फाइली हलवता येतात, प्रोग्रॅम कापून चिकटवता येत नाहीत. प्रोग्रॅम बसवताना तो कुठे राहतो याचे पत्ते विंडोज आपल्या रजिस्ट्रीत लिहून ठेवतं. घर उचलून नेलं तरी पत्ता जुनाच राहतो. ते फोल्डर होतं तिथे परत ठेवलं आणि सॉफ्टवेअर उघडलं. खरंच हलवायचा असेल तर प्रोग्रॅम रीतसर काढायचा आणि पुन्हा बसवताना डी निवडायचा. 11 जीबीसाठी मी त्या वाटेला गेले नाही.

व्हॉट्सअॅप 13 जीबी. संगणकावर व्हॉट्सअॅप ठेवलं की मंडळाच्या ग्रुपवरचं प्रत्येक सुप्रभात तुमच्या एसएसडीवर येऊन राहतं. पण व्हॉट्सअॅपच्या खिडकीत बसून मेसेज पुसत सुटू नका. फोन आणि संगणक जोडलेले असतात, इथे पुसलेलं तिथूनही जातं. आम्ही काय केलं, तर हवे ते फोटो आधी डीवर उतरवले, फोनवर सगळं जागेवर आहे ना ते पाहिलं, मग संगणकावरचं अॅप काढून पुन्हा बसवलं. अॅपबरोबर त्याचा साठाही गेला. फोनशी जोडल्यावर अलीकडच्या गप्पा परत आल्या. नव्याने साठा होऊ नये म्हणून सेटिंग्जमधलं आपोआप डाउनलोड बंद. जेमतेम 1 जीबी राहिला.

आता विंडोजच्या वाट्याचं. हायबरनेशनची फाइल रॅमच्या साधारण 40 टक्के असते, म्हणून काकांच्या 8 जीबीला 3.2. संगणक निजवताना रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून ठेवायचं, त्यासाठी ती असते. लॅपटॉपवाल्यांनी राहू द्यावी. काकांचा संगणक संध्याकाळी बंद होतो आणि सकाळी चहानंतर चालू होतो, त्याला काय करायची आहे? कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि टाइप करायचं. एकेक अक्षर सांगते : पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, सी, एफ, जी. मग एक जागा सोडून पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि लगेच एच. पुन्हा एक जागा सोडून ओ, एफ, एफ. एंटर. फाइल त्या क्षणी नाहीशी होते. याने फास्ट स्टार्टअपही बंद पडतं, पण एसएसडीवर तो फरक तुम्हाला घड्याळ लावूनच कळेल.

पेज फाइलला हात लावला नाही, तुम्हीही लावू नका. रॅम कमी पडली की विंडोज तिचा आधार घेतं, आणि 8 जीबीवाल्यांना तो लागतो.

विंडोज फोल्डरच्या आत विन-एसएक्सएस नावाचं एक फोल्डर आहे. तपासायला गेलं तर ते भयंकर मोठं दिसतं आणि हुशार भाचे तिथेच वळतात. त्यातल्या बऱ्याच फाइली दोन दारांतून दिसतात, पण डिस्कवर एकदाच असतात. मोजणारा प्रोग्रॅम त्या दोनदा मोजतो, म्हणून आकडा फुगतो. ते हाताने पुसलं तर पुढचं अपडेट बसणार नाही आणि कदाचित विंडोजच उठणार नाही. त्याची झाडलोट करायची तर डिस्क क्लीनअप उघडा, 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबा आणि यादीतलं विंडोज अपडेट क्लीनअप निवडा.

ती यादी वाचून खुणा करा, हे मी पोळलेल्या तोंडाने सांगते. 2019 च्या दिवाळीआधी घरची साफसफाई चालली होती, म्हटलं संगणकाचीही करावी. त्या काळच्या डिस्क क्लीनअपच्या यादीत डाउनलोड्सचीही एक चौकट असे. मी तेहतीस वर्षांच्या तोऱ्यात वरपासून खालपर्यंत सगळ्या चौकटींवर खुणा केल्या आणि ओके दाबलं. आईने फोनवर सांगितलेल्या ओव्यांची रेकॉर्डिंग मी नुकतीच उतरवून घेतली होती, डाउनलोड्समध्ये. आई त्याच वर्षी फाल्गुनात गेली होती. हे असं पुसलेलं बिनमध्येही जात नाही. सात ओव्या भावाच्या फोनमध्ये मिळाल्या, बाकीच्या गेल्या. आजही सेटिंग्जमधल्या टेम्पररी फाइल्सच्या यादीत डाउनलोड्सची ओळ असते. आपणहून खूण केलेली नसते, पण बोट पडायला किती वेळ लागतो?

राहिलं विंडोज डॉट ओल्ड, 19 जीबी. विंडोजच्या वाट्यातला काढता येण्याजोगा सगळ्यात मोठा ऐवज, आणि मी तो तसाच सोडला. काकांना आश्चर्य वाटलं. ते आहे काकांचं जुनं विंडोज 10, गाठोड्यात बांधून ठेवलेलं. 11 नाही मानवलं तर दहा दिवसांत त्यावरून मागे जाता येतं, आणि दहा दिवस झाले की विंडोज ते स्वतःच काढून टाकतं. विंडोज 10 ची नियमित मदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, तेव्हा मागे जायला मी कोणाला सांगणार नाही. पण काकांचा स्कॅनर आणि त्यांचे जुने मराठी फॉन्ट 11 वर चालतात की नाही, हे अजून कोणी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी सहावा दिवस होता. चार दिवस स्कॅनर चालवा, एक पान जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून छापा आणि मग ते जाऊ दे, म्हटलं. घाई असती तर टेम्पररी फाइल्समध्ये 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' निवडून तेव्हाच काढता आलं असतं. घाई नव्हती. डेस्कटॉप, डाउनलोड्स, बिन, व्हॉट्सअॅप आणि हायबरनेशन मिळून रविवारीच 45 जीबीच्या आसपास मोकळे झाले होते. गुरुवारी काकांचा फोन आला, "ताई, 64 दाखवतोय." स्कॅनर चालला. एक फॉन्ट रुसला होता, तो पुन्हा बसवल्यावर मानला.

एक राहिलं. डीवर हलवलेला माल आता जुन्या हार्ड डिस्कवर आहे आणि एकुलता एक आहे. काका, जमाखर्च आणि फोटो आणखी एका पेन ड्राइव्हवर हवेत. संक्रांतीपर्यंत नाही केलंत तर मी पुन्हा पोहे खायला येईन.

प्रश्न : माझ्या सीमध्ये जागा नाही आणि डीमध्ये 300 जीबी मोकळे आहेत. डीमधली जागा सीला जोडता येते का?
(एक वाचिका, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग असतील तर येते, वेगळ्या डिस्क असतील तर नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडा. सी आणि डी एकाच आडव्या पट्टीत दिसले तर एक डिस्क. पण तिथेही अट आहे : सीच्या लगेच उजवीकडे रिकामी जागा हवी. डी लहान केला तर मोकळी जागा डीच्या उजवीकडे तयार होते, म्हणजे सी आणि तिच्यामध्ये डी उभाच. त्यामुळे 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' ही ओळ फिकी राहते आणि लोक संगणकाला शिव्या देतात. डीमधलं सगळं बाहेर काढून डी पुसला तरच ती जागा सीला लागते. मध्ये रिकव्हरीचा छोटा भाग असला तर तेवढ्यानेही नाही. एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा वर काकांसाठी सांगितलेली लोकेशन बदलण्याची युक्ती करा. अर्ध्या तासाचं काम आहे.

प्रश्न : एका जाहिरातीतला क्लीनर टाकला. तो म्हणतो, रजिस्ट्रीत 1,400 चुका आहेत, पैसे भरा, जागा मोकळी करतो. भरू का?
(एक विद्यार्थी, इंदूर)

उत्तर : नको. रजिस्ट्री मुळात लहान असते. तिच्या चुका काढून सीमध्ये जागा होते म्हणणं म्हणजे पंचांगातून दोन पानं फाडून कपाट मोकळं करणं. तो क्लीनरच काढून टाक, त्याची जागा मिळेल.

प्रश्न : सिल्व्हर मॉलमधून 256 जीबीची एसएसडी घेतली. संगणक 238 दाखवतो. 18 जीबी दुकानदाराने खाल्ले?
(एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : नाही हो, भांडायला जाऊ नका. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात. विंडोज 1,07,37,41,824 बाइटांना एक जीबी म्हणतं. बाइट तितकेच, मापटं मोठं, म्हणून 256 चे 238 होतात आणि वरच्या काकांच्या 128 चे 119. 238 पेक्षाही बरीच कमी दिसली असती, तर मात्र मी तुमच्याबरोबर आले असते.